माथेरानात घोड्यावरून पाखरं बघताना

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, पण डोंगराचे चढ-उतार इतक्यात नकोत म्हणाले. सह्याद्रीत पक्षी बघणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे घरीच बसा म्हणण्यासारखं. गाडीत बसून पक्षी बघता येतात, नाही असं नाही. पण काच खाली केली तरी इंजिनाची घरघर कानात राहते, आणि माझी निम्मी पाखरं मला कानांनीच सापडतात. मग माथेरान सुचलं. तिथे मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे आपले पाय, नाहीतर मिनी ट्रेन, तेव्हा चालू असलेली हातरिक्षा, हल्ली ई-रिक्षा, किंवा घोडा. माणसाने ओढायच्या रिक्षात बसवेना. ई-रिक्षा फक्त मुख्य रस्त्याने बाजारापर्यंत जाते. उरला घोडा.

पक्षी बघणाऱ्या मित्रमंडळींना सांगितलं तर ते हसले. घोड्यावरून वरातीत जातात, पक्षी बघायला नाही, असं एकाने सुनावलं. मला मात्र एक गोष्ट आठवत होती. रानात म्हशी चरत असतात तेव्हा पाखरं त्यांच्या पायांत घुटमळतात, आणि गुराखी दिसला की उडतात. घोडासुद्धा चार पायांचाच की.

वेळ मुद्दाम आश्विनातली धरली. नवरात्र संपलेलं आणि दिवाळीची गर्दी अजून चढायची असते, तो मधला आठवडा. पाऊस मागे फिरलेला असतो, पण ओढ्यांना पाणी असतं आणि झाडांच्या बुंध्यांवरचं शेवाळ अजून हिरवं असतं. बहुतेक पक्ष्यांची वीण उरकलेली असते. त्यामुळे जोड्या मोडून थवे होऊ लागतात आणि त्यांत या वर्षीची पिल्लंही असतात. त्यातच उत्तरेकडचे पाहुणे उतरायला लागतात. एक अडचण मात्र आहे. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते आणि ती पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर बराचसा सरतो. तोवर दस्तुरीजवळचं अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. म्हणून नेरळहून टॅक्सीने दस्तुरीला आले.

दस्तुरीला उतरलं की घोडेवाले भोवती जमतात. त्यांचा हिशेब पॉइंटांवर चालतो. सात पॉइंट, बारा पॉइंट, अर्धा दिवस, पूर्ण दिवस. मी गर्दीच्या जरा कडेला उभ्या असलेल्या साठीच्या एका मामांना म्हटलं, "मला पॉइंट नकोत. जिथे पाखरू दिसेल तिथे थांबायचं, आणि मी म्हणेन तेव्हा निघायचं." मामांनी डोकं खाजवलं. "म्हणजे मॅडम, जायचं कुठं?" कुठेच नाही, हे काही त्यांना पटेना. शेवटी तासांवर ठरलं. पहाटे बाजारातून निघून पॅनोरमा पॉइंटच्या बाजूला, आणि दुपारनंतर शार्लोट तलावाकडे. पैसे त्यांनी नेहमीच्या दरापेक्षा थोडे जास्तच सांगितले आणि मी घासाघीस केली नाही. थांबलेल्या घोड्याचाही दिवस जातोच.

जनावर कसं निवडायचं ते मी आधी विचारून घेतलं होतं. मामांचा एक उंच, तकतकीत काळा घोडा होता. पर्यटक त्याच्यावरच फोटो काढून घेतात. तो सारखा पाय आपटत होता आणि लगाम चघळत होता. त्याच्याशेजारी एक तांबूस घोडी एका मागच्या पायावर भार देऊन डुलक्या काढत होती. मी घोडी मागितली. खोगीर उचलून पाठ दाखवा म्हटलं तेव्हा मामांना जरा राग आला, पण दाखवली. कुठे जखम नव्हती, घासून केस गेले नव्हते, नाल नवे होते. पाठ दाखवायला जो का-कू करतो त्याच्या घोड्यावर बसू नये, असं माझं मत आहे.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदा आवळून भागत नाही, हे मला मामांनी शिकवलं. खोगीर चढवताना घोडी पोट फुगवून ठेवते. चार पावलं चालली की पोट सैल पडतं आणि खोगीर फिरायला लागतं. म्हणून थोडं चालवून तंग पुन्हा आवळायचा आणि मगच बसायचं. माझ्या गुडघ्यासाठी घोडी एका ओट्याला लावली. पाय ठेवायची रिकीब नेहमीपेक्षा एक भोक लांब सोडली, म्हणजे पाय फार दुमडत नाही. "टाच खाली ठेवा ताई. चढाला पुढं वाका, उताराला मागं. बाकीचं ती बघते." मॅडमची ताई तेवढ्या वेळात झाली होती. हेल्मेट मी घरून आणलं होतं. मामांना त्याचं हसू आलं, पण माथेरानात घोड्यावरून पडून माणूस दगावल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. दौड तर सोडाच, आम्हाला दुडकीसुद्धा नको होती.

दुर्बीण आठपट मोठं दाखवणारी घेतली. दहापटीची घरी ठेवली, कारण घोडी उभी असली तरी तिचा श्वास चालू असतो, आणि तो श्वास दुर्बिणीत दिसतो. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी पाठीवरून छातीशी बांधायचा पट्टा लावला, म्हणजे दुर्बीण खोगिरावर आपटत नाही. फडफडणारा रेनकोट नाही, सळसळणारी पिशवी नाही. पिशवीचं कारण वेगळं आहे. माथेरानच्या माकडांना प्लास्टिकचा आवाज फार लांबून कळतो, आणि घोड्यावर बसलेल्या माणसाला आपला डबा वाचवता येत नाही.

पहाटे निघालो तेव्हा उजाडायचं होतं. बाजाराजवळ रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आहेत. त्यांवर नाल वाजतात आणि घोडीचा पाय जरा घसरतो. ती मान खाली घालून, चाचपत चालत होती. तांबड्या मातीची वाट लागल्यावर आवाज एकदम बंद झाला आणि तिची चालही बदलली. पेव्हरवरून माथेरानात बरीच वर्षं वाद चालू आहे. मातीची धूप थांबते आणि ई-रिक्षा चालतात, अशी एक बाजू. डांबराचा हा धाकटा भाऊच आहे, अशी दुसरी. मी अर्थात घोडीच्या बाजूने.

ओढ्याशी शीळ आली. मलबारी कस्तुराची शीळ ज्याने ऐकली आहे त्याला सांगायला नको. पावसाळ्यात हा पक्षी पहाटे लांबच लांब गातो, सूर कुठे लावायचा ते ठरलेलं नसलेल्या माणसासारखा. वीण संपली की गाणं तुटक होतं. त्या दिवशी दोन-तीन ओळी झाल्या आणि थांबल्या. दिसला मात्र चांगला. ओल्या दगडावर, जवळजवळ काळा. अंगावर उजेड पडला तेव्हा खांद्यावरचा निळा लखकन दिसला. घोडी पाण्याला तोंड लावेपर्यंत तो तिथेच होता.

पुढे वाटेवर नारिंगी डोक्याचा कस्तूर पानं उलटत होता. चालत जाताना हा पक्षी मला नेहमी पाठमोराच दिसलेला, झुडपात घुसताना. आता घोडी सावकाश त्याच्याकडे चालली, आणि तो एक पान उलटून, खालचं काहीतरी उचलून, पुढचं पान उलटत राहिला. इतका जवळ, की दुर्बिणीची गरज नव्हती. मामा लगाम धरून पुढे आले आणि त्याच क्षणी तो उडाला. मग आम्ही जागा बदलली. मामांनी घोडीच्या खांद्याआड, पाखराच्या विरुद्ध बाजूने चालायचं. यानंतर दिवसभर फरक दिसत राहिला. पाखरू पाय मोजत नाही. दोन पायांवर उभा असलेला आकार दिसला की घाबरतं. घोडीच्या आड तो आकार लपत होता, आणि वर बसलेली मी बहुधा घोडीचाच एक भाग ठरत होते.

दुसरा फायदा उंचीचा. खोगिरावरून माझे डोळे जमिनीपासून साधारण आठ फुटांवर येत होते. कारवीच्या रानात खालून चालताना नुसते दांडे दिसतात. वरून शेंड्यांवरचं सगळं दिसतं. एका शेंड्यावर चापडा वेटोळं घालून होता. हा हिरवा विषारी साप पानात इतका मिसळतो, की चालत असते तर त्याच्या हातभर अंतरावरून मी बोलत बोलत गेले असते. मामांनी घोडी गुपचूप पलीकडच्या कडेला घेतली. "दिसला ना, चला," एवढंच म्हणाले.

आणि घोडीचे कान. याबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. घोडा हे शिकार होणारं जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून नाकासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर त्याला जवळपास चहूकडचं दिसतं. कान एकेकटे वळतात, पार मागेपर्यंत. वाटेने जाताना तिचा एक कान मामांच्या बोलण्याकडे आणि दुसरा रानाकडे असायचा. दोन्ही कान एकाच दिशेला ताठ झाले, की तिथे काहीतरी आहे असं समजायचं. पहिल्यांदा झाले तेव्हा वानरं निघाली, दुसऱ्यांदा कोणाचं तरी कुत्रं. पुढे एका वळणावर कान असेच रोखले गेले आणि ती थांबली, मान वर. मला ना काही दिसत होतं ना ऐकू येत होतं. बराच वेळ गेला. मग कारवीत एक पाऊल वाजलं आणि भेकर बाहेर आलं. वाट ओलांडायच्या आधी त्याने घोडीकडे पाहिलं, घोडीने त्याच्याकडे. ते पलीकडे उतरून गेल्यावर खालून त्याचं कुत्र्यासारखं भुंकणं आलं. बहुधा तेव्हा त्याला आमचा वास लागला असावा.

सकाळचा सगळ्यांत श्रीमंत अर्धा तास एका जांभळीखाली गेला. मामांना विडी ओढायची होती (रानात नको म्हटल्यावर त्यांनी ती कानावर ठेवली), घोडीला गवत दिसलं, आणि नेमका मिश्र थवा आला. पावसाळ्यानंतर वेगवेगळ्या जातींची पाखरं एकत्र फिरून खातात. पुढे किलबिल करत तपकिरी गालांचे फुलवेटा. त्यांच्या मागे निखार, नर शेंदरी आणि माद्या पिवळ्या. खोडावर डोकं खाली करून उतरणारा, मखमली कपाळाचा निळा नटहॅच. पाठीवर पत्त्यांतल्या बदामासारखे ठिपके असलेला तो छोटा सुतार. नीलमणी एक. आणि या सगळ्यांच्या मागे, पहारा दिल्यासारखा आणि फुकटचं खायला टपलेला भृंगराज, शेपटीच्या दोन लांब काड्यांना टोकाशी पिसांचे झुबके. तो मध्येच शिक्र्याचा आवाज काढतो. सगळे क्षणभर गप्प होतात आणि दुसऱ्याने हुसकलेला किडा हा पळवतो. त्या दिवशी त्याने तेच केलं. सुताराने सालीखालून काढलेलं काहीतरी त्याने घोडीच्या कानांवरून झेपावून उचललं. घोडीने नुसतं फुरफुरून नाक साफ केलं.

इथे दुर्बिणीची कसरत कळली. चालत्या घोड्यावरून दुर्बीण लावणं व्यर्थ आहे, डोकं दुखतं. उभ्या घोड्यावरूनसुद्धा आधी नुसत्या डोळ्यांनी पाखरू पक्कं करायचं, घोडीचा श्वास खाली बसला की दुर्बीण डोळ्याला लावायची आणि पुढच्या श्वासापर्यंत जे दिसेल ते घ्यायचं. आपण एरवी दुर्बीण डोळ्याला चिकटवूनच उभे असतो आणि तेवढ्या गोलाबाहेरचं बरंच निसटतं. या सक्तीमुळे मला थव्याचा क्रम दिसला: कोण कोणाच्या मागे, कोण फांदीच्या खालून, कोण वरून.

त्या थव्याच्या शेपटाला हिरवट वटवट्ये होते, हिमालय आणि त्याच्याही उत्तरेकडून नुकतेच आलेले. दिसायला काहीच नाही: बोटाएवढं, मळकट हिरवं, भुवई फिकी. पण 'चिस्वी' असा दोन तुकड्यांचा आवाज एकदा ओळखीचा झाला, की पुढे उन्हाळ्यापर्यंत तो सगळीकडे ऐकू येतो. करडे धोबीही उतरले होते. वाटेवरच्या डबक्याशी एक शेपूट हलवत होता. घोडी जवळ गेली की दहा पावलं पुढे उडायचा, पुन्हा शेपूट हलवायचा. असं करत त्याने आम्हाला रुळांपर्यंत सोबत केली.

रुळांशेजारी घोडीने मूत्र केलं. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. घोडी बाजूला झाली आणि थोड्या वेळात त्या ओल्या मातीवर फुलपाखरं बसली. क्षार शोषायला फुलपाखरं चिखलावर जमतात, आणि त्यांना याहून खारट चिखल कुठे मिळणार. त्यांत दोन ब्लू मॉरमॉन होती. 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू. मखमली काळ्यावर निळा पट्टा, मोठं म्हणजे किती, तर पंख मिटले की वाऱ्याने कलतं. माथेरानच्या वाटांवरच्या लिदीबद्दल लोक नाक मुरडतात, आणि पाण्याच्या झऱ्यांजवळ ती पडू नये हे खरंच आहे. पण रानातल्या वाटेवर त्याच लिदीत शेणकिडे येतात, किड्यांमागे दयाळ आणि सातभाई येतात. घोडीमागे चालणारं हे एक वेगळंच खानावळ-खातं आहे.

पॅनोरमाला पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं. घोडी कड्यापासून बरीच मागे बांधली; तिथे माणसानेही तेवढंच मागे थांबावं. खाली नेरळची बाजू, समोर पेबचा किल्ला. खडकांतून कड्यातल्या पाकोळ्या सुटत होत्या. दरीतली हवा तापायला लागली आणि सर्पगरुड ओरडत वर आला, पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा उन्हात स्पष्ट. आम्ही त्यालाच बघत होतो तेवढ्यात मागच्या रानातून शेकरूचा खणखणीत खडखडाट सुरू झाला. शेकरू, आपला राज्यप्राणी, एरवीही ओरडतं. पण हे थांबेना. घोडीचे कान झाडांच्या शेंड्यांवर रोखलेले. मग काळा गरुड आला. हा पक्षी सहसा घिरट्या घालत उंच जात नाही. झाडांच्या माथ्यावरून लांब, बोटं पसरलेले पंख ताणून इतका सावकाश सरकतो, की आता पडेल असं वाटतं. पिवळे पाय, बाकी सगळा काळा. घरटी आणि खारी हुडकत तो त्या उताराची एक फेरी करून गेला. गेल्यावरही शेकरू बराच वेळ शिव्या देत होतं. मामा म्हणाले, "हा रोज येतो. गिऱ्हाइकाला दाखवला तर म्हणतात, कावळा आहे."

खाली बसून डबा खाल्ला, तेव्हा मामा धंद्याचं बोलले. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, पण घोड्याला चंदी रोज लागते. 2022 च्या डिसेंबरात ई-रिक्षा आल्यापासून दस्तुरी ते बाजार हा त्यांचा हक्काचा फेरा कमी झालाय. मी त्यांना सांगितलं, की आजारी माणसाला, शाळेतल्या पोरांना ती गाडी लागतेच, आणि हातरिक्षा ओढणाऱ्याच्या छातीचाही विचार करायला हवा. त्यांनी ते नाकारलं नाही. "येऊ दे की. पण रानात काय रिक्षा जाणार आहे?" 2003 पासून माथेरान पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे रानातल्या वाटांवर मोटार यायची नाही. मग या वाटांवर घोडेवाल्याने पॉइंट दाखवण्यापेक्षा रान दाखवलं तर? मामांना वाट पाठ आहे, काळ्या गरुडाची वेळ पाठ आहे, भेकर कुठे उतरतं ते ठाऊक आहे. त्यांना फक्त एवढंच माहीत नव्हतं, की हे बघायला कोणी पैसे देतं.

दुपारनंतर शार्लोट तलावाकडे गेलो. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माणसं होती, मक्याची कणसं होती, तलावाच्या कडेला एक खंड्या आणि पिसारनाथाच्या देवळामागे शिपाई बुलबुलांचा कलकलाट. परतताना कुटुरग्यांची कुट्रू-कुट्रू मात्र अंधार पडेपर्यंत सोबतीला होती.

उतरताना मांड्या दगड झाल्या होत्या. गुडघा, आश्चर्य म्हणजे, ठीक होता. जे ताठलं ते सगळं गुडघ्याच्या वर. मामांनी खोगीर काढलं, घामाने भिजलेली पाठ पुसून खरारा फिरवला आणि मला न विचारताच पाठ दाखवली. मग तोबऱ्यात चंदी भरून घोडीच्या तोंडाला बांधली आणि वहीत माझा नंबर लिहून घेतला. डिसेंबरात काही मैत्रिणींना घेऊन यायचं ठरतंय. तेव्हा नीलांगही आलेला असेल. मामांच्या दोनच अटी आहेत. शनिवार-रविवार नाही, तेव्हा पॉइंटांची गिऱ्हाइकं असतात. आणि ज्यांना पाखरू दिसल्यावर किंचाळायची सवय आहे, त्यांनी काळ्या घोड्यावर बसायचं नाही.